नमुना क्रमांक २१२

हायब्रिड म्हटलं की मला ज्वारी आठवते,
बुटक्या ताटांची, भरघोस कणसांची.
तिची भाकर मोडता मोडता बाप म्हणायचा,
पोट भरते, तोंड नाही भरत.

आता वर्गालाही हायब्रिड म्हणतात.
चौदा पोरं इथं, अमरावती रोडवर, आमच्या भूगर्भशास्त्रात,
नऊ तिकडं: काटोलची, सावनेरची,
एक पार एटापल्लीच्या केंद्रातून.
आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर डबे.

डबे पुसणं माझ्याकडं.
तेवीस वर्षं दगड पुसले, आता स्पिरिटचा बोळा घेऊन
कपाळं पुसतो, म्हणजे कपाळांचं जे मागं राहतं ते:
एप्रिलचा घाम, खोबरेल, पावडर,
सात नंबरच्या पट्ट्याला कुणाच्या तरी मेंदीचा वास.
कूलर नुसता ओला वारा फेकतो. काच धुकटते. पुन्हा पुसा.

चौरागडे मॅडम म्हणतात, "चला, खाली उतरा."
आणि चौदा जण फरशीवर उभ्या उभ्या
साडेसहा कोटी वर्षं खाली जातात.
पाय जपून टाकतात. एकजण वाकतो, डोक्याला खडक लागेल म्हणून.
मला दिसते भिंत, भिंतीवर पाल,
आणि हवा चिमटीत धरणारी बोटं.
ते म्हणे टाकळीच्या तळ्याशी असतात.
एक लाव्हा थिजलेला, दुसरा यायचा आहे,
मधल्या सवडीत गोगलगाई शेवाळ खातायत.

त्यातली एक माझ्या कपाटात आहे.
तिसरं कपाट, खालून दुसरा खण, पांढऱ्या गारेत रुतलेली.
२१२ हा आकडा मीच रंगवलेला,
शेवटच्या दोनाची शेपटी जरा लांब झाली.
डब्यात तीच गोगलगाय वासराएवढी होते, गरगर फिरते,
आणि तिला आकडा नाही.

मंगळवारी स्पीकरमधून चिन्नी पुंगाटीनं विचारलं,
"मॅडम, हा दगड जड आहे का?"
पोरं हसली. मॅडम नाही हसल्या.
"एकशे नव्वद ग्रॅम," म्हणाल्या,
पण तोवर एटापल्लीची रेंज गेली होती.
उत्तर इथंच पडून राहिलं.

संध्याकाळी डबे चार्जिंगला लावताना
मी दाराला कडी घातली आणि सात नंबर डोळ्यांवर चढवला.
काहून चढवला, विचारू नका.
तळं होतं. पाणी थांबलेलं.
काठावर एक हात,
निळसर, मनगटापर्यंत, पुढं बाई नाही, माणूस नाही,
तळवा वर करून ठेवलेला,
बाजारात तराजूवाल्यापुढं धरावा तसा.
मी त्याच्याखाली माझा हात नेला. आरपार गेला.

मग डबा न काढताच तिसऱ्या कपाटाशी गेलो.
तेवढ्या वाटेला मला डोळे लागत नाहीत.

रजिस्टरमध्ये लिहिलं: नमुना २१२, बाहेर.
कारणाच्या रकान्यात पेन अडला.
मग लिहिलं: वजन.
मॅडमनी वाचलं, चष्मा पुसला, सही केली.
चिंधीत गुंडाळून, मिठाईच्या खोक्यात घालून
मी तो अहेरीच्या गाडीत कंडक्टरच्या हाती दिला.
"काय आहे हो यात?"
गोगलगाय, म्हटलं.
त्यानं खोकं जरा लांबच धरलं.

पुढच्या मंगळवारी चौदा जण खाली उतरले.
तिकडचेही उतरले, आठ हात उघडले,
नववा उघडेना.
पडद्यावर एटापल्लीच्या चौकटीखाली
लाल अक्षरं लुकलुकली: हात ओळखता येत नाही.
"चिन्नी, मूठ सोड बरं," मॅडम म्हणाल्या.
स्पीकरमधून नुसता पंख्याचा आवाज,
आणि कुणीतरी काहीतरी
नखानं हळूच खरवडत असल्याचा.

मॅडमनी माझ्याकडं पाहिलं.
"राहू दे," म्हणाल्या,
मला की तिला, कळलं नाही.
मी आठ नंबरचा डबा पुसायला घेतला.